बुजगावण्याचं डोकं



आमच्या वर्गाचे नाटक ठरले आहे. त्यात मला बुजगावणं केलं आहे. का, तर माझी गणितं चुकतात. गणित चुकलं की मुलं म्हणतात, याच्या डोक्यात भुसा भरलाय. घरीसुद्धा म्हणतात. मला पहिल्यांदा रडू आलं. बाई म्हणाल्या, काम बदलून देऊ का? पण तोपर्यंत बाईंनी शनिवारच्या शेवटच्या तासांना सगळी गोष्ट वाचून दाखवली होती. मी नको म्हणालो. का नको म्हणालो ते इथे लिहितो.

ही गोष्ट अमेरिकेतली आहे. एल. फ्रँक बॉम यांनी लिहिलेले हे पुस्तक १९०० साली निघाले. १९३९ साली त्याचा सिनेमा पण आला. कॅन्ससमध्ये डोरोथी नावाची मुलगी काका-काकूंकडे राहत असते. एकदा चक्रीवादळ येतं. घर, डोरोथी आणि तिचा कुत्रा टोटो उडून ओझ नावाच्या जादूच्या देशात पडतात. तिला घरी जायचं असतं. म्हणून ती पिवळ्या विटांच्या रस्त्याने पाचूच्या नगरातल्या जादूगाराकडे निघते. वाटेत तिला तिघं भेटतात.

पहिलं बुजगावणं. ते मक्याच्या शेतात काठीवर उभं होतं. डोकं पिशवीचं, आत गवत. आमच्या शेतातल्याचं डोकं मडक्याचं आहे, एवढाच फरक. त्याला मेंदू पाहिजे. दुसरा पत्र्याचा लाकूडतोड्या. तो आधी खरा माणूस होता. चेटकिणीने त्याच्या कुऱ्हाडीवर जादू केली आणि कुऱ्हाड निसटून त्याचाच पाय तुटला. कारागिराने पत्र्याचा पाय करून दिला. मग दुसरा पाय, मग हात, असं करत करत सगळंच अंग पत्र्याचं झालं आणि काळीज गेलं. पुढे तो पावसात गंजला आणि एक वर्ष कुऱ्हाड उगारून तसाच उभा राहिला! डोरोथीने सांध्यांत तेल घातलं तेव्हा कुठे हलला. त्याला काळीज पाहिजे. तिसरा सिंह. केवढा दांडगा, पण भित्रा. त्याला धीर पाहिजे.

बाई म्हणाल्या, पुष्कळ अद्भुत गोष्टींत असे सोबती असतात. एक बुद्धीचा, एक मनाचा, एक अंगबळाचा. एकाच माणसाचे तीन भाग सुटे केल्यासारखे. हॅरी पॉटरच्या गोष्टीत हर्मायनी बुद्धीची, असं ताई म्हणते. बाकीच्या दोघांवरून आमचं भांडण झालं, ते जाऊ द्या.

आता गंमत ऐका. रस्त्यात एक मोठी घळ आड येते. पलीकडे कसं जायचं हे कोणालाच सुचेना. ज्याला मेंदू नाही ते बुजगावणं म्हणालं, हे झाड तोडून आडवं पाडू, पूल होईल. लाकूडतोड्याने झाड तोडलं, सिंहाने पुढच्या पायांनी ढकललं. तेवढ्यात कॅलिडा नावाचे दोन प्राणी मागे लागले. अंग अस्वलाचं, डोकं वाघाचं. सिंह घाबरला होता, तरी मागे वळून एवढ्या मोठ्याने ओरडला की ते प्राणी थबकले. पण नंतर तेही पुलावर आले. तेव्हा बुजगावणं म्हणालं, पुलाचं टोक तोडा! पूल गेला आणि कॅलिडा खाली पडले.

लाकूडतोड्याचंही तसंच. चुकून पायाखाली एक किडा मेला तर तो इतका रडला की आसवांनी त्याचा जबडाच गंजला. तो बोलेना. डोरोथीला काही कळेना. बुजगावण्यालाच कळलं, त्याने तेल घातलं. काळीज नाही म्हणणाराच किड्यासाठी रडतो.

मी हे आजीला सांगितलं. ती म्हणाली, काळीज आणि धीर वेगळे कशाला? आपण वाघाचं काळीज म्हणतोच की. मला ते पटलं, पण मग नाटकात एक मुलगा कमी होईल.

मला वाटतं, डोरोथीजवळ तिन्ही आहेत. म्हणून तिला काहीच मागायचं नाही, फक्त घरी जायचं आहे. भूक पण तिला लागते. बुजगावण्याला भूक नाही, झोप नाही. ते फक्त पेटत्या काडीला भितं.

शेवटी कळतं की जादूगार खोटाच. तो साधा माणूस, फुग्यातून उडत आलेला. तरी त्याने तिघांना काहीतरी दिलं. सिंहाला हिरव्या बाटलीतलं औषध पाजलं. लाकूडतोड्याला रेशमी कापडाचं काळीज दिलं आणि त्यात लाकडाचा भुसा भरलेला होता! म्हणजे भुसा त्याच्या छातीत. बुजगावण्याच्या डोक्यात कोंडा, आणि त्यात सुया-टाचण्या मिसळल्या. हुशार माणसाला आपण कुशाग्र म्हणतो. कुशाग्र म्हणजे दर्भाचं टोक, असं बाईंनी सांगितलं. तशीच ती टाचण्यांची टोकं. नंतर ते बुजगावणं पाचूच्या नगराचं राजा झालं.

आईने माझ्यासाठी जुन्या पिशवीचं डोकं शिवलं आहे. आत खराच कोंडा भरणार आहोत. टाचण्या घालायच्या नाहीत, असं बाई म्हणाल्या. बाबा नाटक बघायला येतो म्हणाले आहेत.