डबा बंद झाला, पण सेव्ह झालं का?

सकाळी ऑफिसात शिरल्यापासून लंचपर्यंत तुम्ही किती डबे भरता, कधी मोजलंय? खायचे नव्हे हो, स्क्रीनवरचे! रजेचा अर्ज, टॅक्सीचं बिल, मीटिंग रूमचं बुकिंग, नव्या क्लायंटचा पत्ता... बटण दाबलं की मागची स्क्रीन करडी होते आणि मधोमध एक छोटा फॉर्म उघडतो. नाव टाका, तारीख टाका, सेव्ह करा, चलो! हा डबा कुणी बनवला असेल, असा विचारही आपल्या डोक्यात येत नाही. गंमत म्हणजे, बऱ्याचदा तो कुणी बसून बनवलेलाच नसतो. एका विझार्डने तो दोन-चार मिनिटांत काढून दिलेला असतो.

पॉप-अप हा तसा बदनाम प्राणी. १९९०च्या दशकात ट्रायपॉड नावाच्या वेबसाइटवर काम करणाऱ्या इथन झुकरमनने (फेसबुकवाला तो झुकरबर्ग, हा वेगळा!) जाहिरात वेगळ्या खिडकीत उघडायची युक्ती काढली. का, तर एका कार कंपनीची जाहिरात नको त्या पानावर झळकली आणि कंपनी भडकली. २०१४ साली त्याने 'द अटलांटिक'मध्ये लेख लिहून या पापाबद्दल जगाची चक्क माफी मागितली! पण तोवर लोक वैतागले होते. ब्राउझरांनी ब्लॉकर बसवले, २००४ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररलाही तो आला. मग ऑफिसच्या कामाच्या खिडक्याही त्यात अडकायला लागल्या. म्हणून आजचा फॉर्म वेगळी खिडकी उघडतच नाही, त्याच पानावर एक थर चढवतो. त्याचं टेक्निकल नाव मोडल डायलॉग.

आता विझार्डचा फंडा. लो-कोड टूल्स ढिगाने आहेत, आपण ओरॅकलचं एपेक्स घेऊ. माइक हिचवा आणि जोएल कॉलमन यांनी कंपनीतल्याच एका कॅलेंडरच्या कामातून ते उभं केलं. २००४ मध्ये ते एचटीएमएल डीबी म्हणून बाजारात आलं, २००६ मध्ये अ‍ॅप्लिकेशन एक्स्प्रेस झालं. पॉप-अप फॉर्मसाठी मात्र लोक बरीच वर्षं प्लग-इनचे जुगाड करत होते. २०१५ च्या ५.० आवृत्तीत मोडल डायलॉग घरचाच झाला.

काम कसं चालतं? तुम्ही डेटाबेसमधलं टेबल निवडता, रिपोर्ट हवाय म्हणून सांगता, सोबत फॉर्म हवा असं टिक करता आणि तो पॉप-अपमध्ये उघडू दे म्हणता. बस्स! टेबलमधल्या कॉलमांप्रमाणे रकाने तयार. तारखेला कॅलेंडर, रिपोर्टच्या ओळीला पेन्सिलचं चिन्ह, वर 'क्रिएट'चं बटण, फॉर्ममध्ये सेव्ह आणि डिलीट. दोघांनी एकाच वेळी तीच नोंद उघडली, तर मागून सेव्ह करणाऱ्याला अडवायची सोयसुद्धा आयती. हे सगळं हाताने लिहायला बसलात तर दिवस जाईल.

पण बॉस, इथेच गोची आहे. एपेक्समध्ये हा डबा म्हणजे एक वेगळं पानच असतं, आयफ्रेममध्ये बसवलेलं. डबा बंद झाला हे मागच्या पानाला आपोआप समजत नाही, कुणीतरी सांगावं लागतं. विझार्ड ही सोय करून देतो: पेन्सिल आणि क्रिएट या दोघांसाठी 'डायलॉग बंद झाला की रिपोर्ट ताजा कर' अशी सूचना लिहून ठेवतो. उद्या साहेबांच्या हट्टापायी तुम्ही स्वतः तिसरं बटण लावलंत आणि ही सूचना विसरलात, की झालं! अकाउंट्सची ताई बिल टाकते, सेव्ह करते, डबा मिटतो आणि यादीत बिल दिसतच नाही. ती काय करणार? पुन्हा टाकणार. महिनाअखेरीला तेच बिल दोनदा, आणि बोलणी कुणाला? ताईला. डेटाबेसमध्ये पहिल्यांदाच सगळं नीट गेलेलं होतं, फक्त स्क्रीन शिळी होती.

दुसरा लोच्या लांबीचा. पाच-सहा रकान्यांना पॉप-अप झकास. पण विझार्डला लाज नसते, टेबलात चाळीस कॉलम असतील तर तो चाळीसही कोंबेल. मग डब्याच्या आत स्क्रोल, मागच्या पानावर स्क्रोल, आणि सेव्हचं बटण शोधताना घामाघूम! शिवाय मागचा आकडा बघून पुढचा भरायचा असेल, तर मागचं करडं पान दिसतं, पण त्याला हात लावता येत नाही. कट-कॉपी-पेस्टवाले लॅरी टेस्लर या 'मोड'वर इतके खार खाऊन होते, की त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवरच 'नो मोड्स' लिहिलेलं होतं. एवढे लांबलचक फॉर्म सरळ वेगळ्या पानावर न्यावेत, असं माझं स्पष्ट मत. नाहीतर बाजूने सरकत येणारा ड्रॉवर बरा.

हिंजवडी-ऐरोलीच्या कॅन्टीनमध्ये यावर हमखास टोमणा ऐकू येतो, की लो-कोड म्हणजे काय कोडिंग आहे का राव? ते अर्धं खरं आहे. फॉर्म काढणं कुणालाही जमतं, त्यासाठी तुमची गरज नाही. चाळीसातले कोणते सहा रकाने ठेवायचे, डिलीटचं बटण कुणाला दाखवायचंच नाही, चुकून एस्केप दाबल्यावर ताईचं टायपिंग वाचवायचं कसं, हे विझार्ड विचारत नाही. पगार त्याचाच मिळतो.

हात मारून बघायचा असेल तर सरावासाठी ओरॅकल फुकट वर्कस्पेस देतं. मित्रांच्या उधारीचं एक टेबल बनवा, विझार्डकडून फॉर्म काढून घ्या. मग एक नोंद अर्धवट भरा, एस्केप दाबा, आणि तुम्हाला कुणी थांबवतं का ते बघा.