दाढेला कॅप कोणती?

रूट कॅनल झालं की डॉक्टर विचारतात, कॅप कोणती बसवू? लखनौची वृंदावन योजना ही वसाहत असो की पुण्याचं कोथरूड, पेशंट आधी दर विचारतो. धातूवर सिरॅमिक चढवलेली कॅप स्वस्त. पण हिरडी मागे सरली की काळसर कड डोकावते.

दुसरा पर्याय झिरकोनियाच्या कॅपचा. झिरकोनियाही सिरॅमिकच. मग कपबशीसारखा टिचत का नाही? चीर पडू लागली, की तिच्या टोकाशी ताण साचतो. त्या ताणाने तिथले स्फटिक रूप बदलतात, सुमारे ४ टक्के फुगतात आणि चीर दाबून धरतात! ऑस्ट्रेलियन संशोधकांनी हे १९७५मध्ये मांडलं. दाढेला म्हणूनच मी झिरकोनिया निवडेन. समोरच्या दातांत मात्र प्रकाश आरपार झिरपायला हवा. तिथे लिथियम डायसिलिकेट हे दुसरं सिरॅमिक अधिक खरं दिसतं.