‘पहिल्यापासून असाच आहे’ : मोठ्या वयात ऑटिझमची तपासणी कशी होते?

“वो तो बचपन से ऐसाइच है.” आपल्या घरांत हे वाक्य किती सहज बोललं जातं! दावतीत कुणाशी न बोलता कोपऱ्यात बसणारा चाचा, पाहुणे आले की स्वयंपाकघरात जाऊन बसणारी खाला, ठरलेला कप मिळाला नाही तर चहाच न घेणारा थोरला भाऊ. कुणी काही विचारलं की घरचे हे वाक्य बोलतात आणि विषय संपवतात.

तपासणी करणाऱ्या डॉक्टरांसाठी मात्र विषय इथूनच सुरू होतो. ऑटिझम मोठेपणी अचानक होत नाही. त्याच्या खुणा लहानपणापासून असाव्या लागतात, ही निदानाची मुख्य अट आहे. म्हणजे मोठ्या माणसाच्या तपासणीचा सगळ्यात महत्त्वाचा पुरावा घरातच असतो. तो असतो अम्मीच्या, दादीच्या, मोठ्या आपाच्या आठवणीत. तो कसा वापरायचा आणि तपासणी कुठे, कशी होते, ते आज आपण पाहू.

ऑटिझम म्हणजे नेमकं काय?

मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. मेंदूची जडणघडणच वेगळी असल्यामुळे माणसांशी वागण्याची आणि आजूबाजूचं जग अनुभवण्याची पद्धत वेगळी होते. हे वेडेपण नाही, नजर किंवा आसेबही नाही. आईच्या संगोपनात कमी राहिली म्हणूनही हे होत नाही. काही ऑटिस्टिक माणसांना बोलता येत नाही, तर काही जण पदवीधर असतात, नोकरी करतात, संसार करतात.

मोठ्या माणसांत दोन बाजू दिसतात. पहिली माणसांशी व्यवहाराची. समोरच्याच्या मनात काय आहे हे चेहऱ्यावरून न कळणं, टोमणा किंवा गंमत शब्दशः घेणं, संवाद कधी सुरू करावा आणि कधी थांबवावा याचा अंदाज न येणं. दुसरी बाजू सवयींची आणि संवेदनांची. ठरलेला क्रम बदलला की जीव कासावीस होणं, एकाच विषयात तासन्‌तास बुडून जाणं, मिक्सरचा आवाज, अत्तराचा वास किंवा कपड्याची शिवण सहन न होणं. निदानासाठी दोन्ही बाजू लागतात, त्यांचा रोजच्या जगण्यावर परिणाम व्हावा लागतो. नुसता लाजाळू किंवा अबोल माणूस ऑटिस्टिक नसतो, हेही तितकंच खरं.

इतकी वर्षं कुणाच्या लक्षात का आलं नाही?

कारण तेव्हा बघणारेच कमी होते. अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी 1943 साली ऑटिझमचं वर्णन केलं, ते लहान मुलांचं होतं. पुढे कित्येक वर्षं हा फक्त लहान मुलांचा प्रश्न समजला गेला. आपल्या देशात 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यांत ऑटिझमचं नावच नव्हतं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं आणि 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत त्याला स्वतंत्र जागा मिळाली. म्हणजे आज जे चाळिशीत आहेत ते शाळेत असताना हा शब्द ना शिक्षकांच्या प्रशिक्षणात होता, ना सरकारी कागदावर. मुलगा हुशार असला तर ‘एककल्ली’ म्हणायचे, अभ्यासात मागे असला तर ‘ढ’.

मुलींचं तर आणखी अवघड. शांत बसणारी, उलट उत्तर न देणारी मुलगी आपल्याकडे ‘शरीफ’ ठरते. ती दुसऱ्या मुलींचं बघून हसायला, बोलायला, सलाम करायला शिकते आणि घरी आल्यावर दमून पडते. लग्न होऊन भरल्या घरात गेली की हे सोंग पेलवत नाही. मग ‘बहू घुमी आहे’ असं ऐकावं लागतं. निदानाच्या नियमांतही हे मान्य केलेलं आहे : खुणा लहानपणापासून असतात, पण जबाबदाऱ्या कुवतीपेक्षा वाढेपर्यंत त्या झाकलेल्या राहू शकतात.

अनेक आईबापांना स्वतःबद्दल पहिल्यांदा कळतं ते मुलाच्या तपासणीच्या वेळी. डॉक्टर मुलाविषयी विचारतात आणि बापाच्या मनात येतं, हे तर माझंही वर्णन आहे. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्यामुळे असं वाटण्यात नवल काही नाही.

आता कळून फायदा काय?

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. ‘चाळीस वर्षं निघून गेली, आता काय करायचं?’ फायदा असा की अशा अनेकांवर नैराश्याचे किंवा घबराटीचे उपचार वर्षानुवर्षं चालू असतात, पण मूळ कारण बाजूलाच राहतं. नाव कळलं की नवराबायकोच्या भांडणांचा अर्थ वेगळा लागतो. ‘मला जाणूनबुजून टाळतो’ असं ज्याला वाटत होतं, तो आवाजाने आणि गर्दीने थकलेला असतो. कधी तपासणीत ऑटिझम निघतही नाही. लक्ष टिकण्याची अडचण म्हणजे एडीएचडी, सामाजिक भीती किंवा दुसरंच काही निघतं, किंवा दोन गोष्टी एकत्र असतात. तेही कळायलाच हवं, कारण प्रत्येकाचे उपाय वेगळे.

कुणाकडे जायचं?

निदान दोन प्रकारचे तज्ज्ञ करतात : मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे एमडी किंवा तत्सम पदवी असलेले डॉक्टर, आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. दुसऱ्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. त्यांचा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. समुपदेशकाचा छोटा कोर्स केलेली व्यक्ती आधार देऊ शकते, निदान करू शकत नाही.

कमी खर्चात सुरुवात करायची तर जिल्हा शासकीय रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातला मनोविकार विभाग बघा. मुंबईत केईएम, नायर, सायन, जे. जे.; पुण्यात ससून; छत्रपती संभाजीनगरला घाटी. वेळ घेताना एक प्रश्न आधीच विचारा : “मोठ्या माणसांची ऑटिझमची तपासणी तुमच्याकडे होते का?” बरीच केंद्रं फक्त लहान मुलांना बघतात, त्यामुळे हे न विचारता गेलं तर एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं वाया जातं. कुठे जावं हेच कळत नसेल तर 14416 या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. 2022 पासून ही सरकारी सेवा मोफत आणि 24 तास चालते, मराठीतही बोलता येतं.

तपासणीत काय होतं?

ऑटिझम सांगणारी रक्ताची चाचणी नाही, मेंदूचा फोटोही ते सांगत नाही. मुख्य भाग बोलण्याचा असतो. डॉक्टर बालपण, शाळा, मित्र, नोकरी, लग्न, झोप, सवयी यांबद्दल विचारतात, प्रश्नावली भरून घेतात, तुमचं वागणं-बोलणं पाहतात. एका बैठकीत होईलच असं नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी 2001 साली तयार केलेली 50 प्रश्नांची ‘एक्यू’ प्रश्नावली आज मोबाइलवर कुणालाही सापडते. ती भरायला हरकत नाही, पण तिच्यातले गुण म्हणजे निदान नव्हे. ते गुण लिहून डॉक्टरांना दाखवा, एवढाच त्याचा उपयोग.

दखनी, उर्दू, कोकणी, ज्या भाषेत मनातलं नीट सांगता येतं तीच बोला. बाईंना महिला डॉक्टर हव्या असतील तर तसं आधी सांगावं.

घरचा पुरावा कसा गोळा करायचा?

इथे घरच्यांचं काम आहे. ज्यांनी तुम्हाला लहानपणी पाहिलं त्यांच्याजवळ बसून हे विचारा आणि वहीत लिहून घ्या :

- बोलायला कधी लागलो? एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलायचो का?
- इतर मुलांत खेळायचो, की एकटाच वस्तू ओळीत मांडत बसायचो?
- कुठले कपडे, कुठलं खाणं, कुठला आवाज चालायचा नाही?
- ईदला, लग्नात, नव्या घरी गेल्यावर कसं वागायचो?
- मदरशातून, शाळेतून काय तक्रारी यायच्या?

‘ऐसाइच था’ एवढ्यावर थांबू नका. ‘ऐसा म्हणजे कसा? एखादा प्रसंग सांगा’ असं विचारा. डॉक्टरांना मत नको असतं, प्रसंग हवे असतात. आम्हा शिक्षकांच्या हातचा एक कागदही इथे कामाला येतो. पत्र्याच्या पेटीत जुनी प्रगतिपुस्तकं असतील तर काढा. ‘हुशार आहे पण वर्गात मिसळत नाही’, ‘आपल्याच तंद्रीत असतो’ असे शेरे तीस वर्षांनंतर साक्ष देतात. आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्याही सोबत न्या. शक्य असेल तर घरातल्या थोरांपैकी एकाला बरोबर न्या, नाहीतर डॉक्टरांना फोनवर बोलू द्या.

आईवडील हयात नसले तर तपासणी होत नाही, असं नाही. भावंडं, मामू, जुने शेजारी यांची माहितीही चालते. पण जे सांगू शकतात त्यांचं वय वाढत चाललंय, म्हणून हे काम पुढे ढकलू नये.

दीन, रिश्ता आणि लोक

दुआ करावी, दम करून घ्यावं, याला कुणाची ना नाही. पण ‘जिन आहे’ म्हणून हजारो रुपये घेणाऱ्या बाबाकडे फेऱ्या मारण्यात आणि जोडीदाराला तोच त्रास आणखी भोगायला लावण्यात दीन नाही. इलाज शोधावा, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांचीच शिकवण आहे. हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) अंध होते आणि मदिन्यात अजान देत होते. त्या समाजाने त्यांच्यासाठी नुसती सहानुभूती ठेवली नाही, काम आणि मान दिला. जुम्याच्या गर्दीत, लाउडस्पीकरच्या जवळ बसवत नसेल अशा भावाला मशिदीत मागची, शांत जागा देणं आपल्याला अवघड नाही.

रिश्त्याची भीती खरी आहे, ती आम्ही नाकारत नाही. डॉक्टरांवर गुप्ततेचं बंधन असतं, तुमचा अहवाल मोहल्ल्यात जात नाही. कुणाला सांगायचं हे त्या व्यक्तीने ठरवावं, घरच्यांनी परस्पर नाही. मात्र निकाहच्या आधी होणाऱ्या जोडीदाराशी मोकळं बोलून घ्यावं, असं आमचं मत आहे. लपवलेली गोष्ट सहा महिन्यांत उघडी पडते आणि मग विश्वास जातो.

अहवाल वेगळा, प्रमाणपत्र वेगळं

निदानाचा अहवाल तुमच्यासाठी असतो. दिव्यांग प्रमाणपत्र हवंच, अशी सक्ती नाही. हवं असेल तर स्वावलंबन कार्ड पोर्टलवर अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणीला जावं लागतं. तिथे ‘इसा’ नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात : 40 विधानं, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त ठरलं तर सरकारी नोकरीतल्या 4 टक्के राखीव जागांचा लाभ घेता येतो. त्यातला 1 टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून आहे. नोकरीत गरजेनुसार सोयी देण्याची तरतूदही 2016 च्या कायद्यात आहे.

ऑटिझम घालवणारं औषध नाही. ‘मुळापासून बरं करतो’ म्हणणाऱ्यापासून दूर राहा. झोप, घबराट, नैराश्य यांवर उपचार होतात आणि बाकीचं घरात बदलता येतं. पाहुणे येणार हे आदल्या दिवशी सांगणं, रमजानमध्ये सेहरी-इफ्तारने बदललेला दिवसाचा क्रम कागदावर लिहून लावणं, ‘समजून घे ना’ असं म्हणण्याऐवजी काय हवं ते सरळ शब्दांत सांगणं. यांना पैसे लागत नाहीत.

या आठवड्यात असर आणि मगरिबच्या मधला एक तास काढा. अम्मीसमोर वही घेऊन बसा आणि विचारा, “मी लहान असताना कसा होतो?”