देशाच्या धुराची खतावणी

व्यापारी घरात हिशेबाचे स्थान काय असते, हे आपल्या वाचकांना निराळे सांगावयास नको. रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि वर्षअखेरचा ताळेबंद या क्रमाने पेढीची खरी स्थिती कागदावर उमटते. गेल्या तीस वर्षांत जगातील राष्ट्रांनाही अशीच एक वही घालावी लागली आहे. ती पैशांची नव्हे, धुराची आहे. कोणत्या देशातून एका वर्षात किती कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि उष्णता धरून ठेवणारे इतर वायू हवेत गेले, याची नोंद तीत होते. १९९२ साली रिओ दि जानेरोच्या परिषदेत स्वाक्षरीसाठी मांडलेला हवामानबदलविषयक करार १९९४ पासून अमलात आला आणि त्या कराराने ही वही ठेवणे सदस्य राष्ट्रांचे कर्तव्य ठरविले.

हे वायू मोजतात तरी कसे? प्रत्येक धुराड्यावर वा प्रत्येक मोटारीच्या मागे मापक बसविणे शक्य नाही. म्हणून बहुतांश आकडे मोजलेले नसतात, ते हिशेबाने काढलेले असतात. रीत आपल्या परिचयाची आहे : नग गुणिले दर. देशात किती टन कोळसा जळला, किती लिटर डिझेल खपले, किती सिमेंट तयार झाले, किती गुरे आहेत, हे झाले नग. त्या प्रत्येक नगामागे सरासरी किती वायू बाहेर पडतो, हा झाला दर. त्यास उत्सर्जन गुणांक म्हणतात. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरभर डिझेलचे वजन किलोभरही नसते, मग वायू इतका कसा, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. जळताना इंधनातील कार्बनला हवेतील ऑक्सिजन येऊन मिळतो. १२ भार कार्बनापासून ४४ भार वायू तयार होतो, हे त्याचे उत्तर.

निरनिराळे वायू एका रकमेत आणण्यासाठी परकीय चलनासारखी विनिमयाची सोयही आहे. शंभर वर्षांच्या कालावधीत एक टन मिथेन हा सुमारे २८ टन कार्बन डायऑक्साइडइतका ताप देतो, असे सध्या धरले जाते. पूर्वी हा दर २१ होता. म्हणून जुने आणि नवे अहवाल ताडून पाहताना कोणता दर लावला आहे, हे आधी पाहावे लागते.

नग एकवेळ खात्रीने मिळतात. खरी गोम आहे ती दरात. हा दर कोणी ठरवायचा? आंतरशासकीय हवामानबदल मंडळाने २००६ साली प्रसिद्ध केलेली आणि २०१९ साली सुधारलेली मार्गदर्शक तत्त्वे यासाठी वापरली जातात. त्यांत तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर जगासाठी ठरवून दिलेला तयार गुणांक घ्यावयाचा. दुसऱ्या पायरीवर स्वतःच्या देशात प्रयोग करून काढलेला गुणांक वापरावयाचा. तिसऱ्या पायरीवर त्याहून बारीक मोजमाप आणि गणिती प्रतिमाने येतात. तयार दर घेणे सोपे असते, परंतु ते महागात पडू शकते, याचे उत्तम उदाहरण आपल्याच देशातले आहे.

पाणी साचलेल्या भातखाचरांतून मिथेन निघतो. १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार भारतातील भातशेतीतून वर्षाला ३ कोटी ७० लाख टनांच्या आसपास मिथेन बाहेर पडत होता. हा अंदाज प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतील शेतांवर घेतलेल्या मोजमापांवरून आपल्याकडील क्षेत्राला लावलेला होता. हवामान कराराच्या वाटाघाटी तोंडावर असताना असा आकडा गळ्यात पडणे म्हणजे न केलेल्या उधारीवर सही करण्यासारखे होते. तेव्हा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने डॉ. ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने १९९१ साली अनेक संस्थांना सोबत घेऊन देशाच्या निरनिराळ्या भागांत मोजणी केली. शेतातील रोपांवर पारदर्शक पेटी ठेवून ठराविक वेळाने आतील हवेचे नमुने घ्यायचे आणि प्रयोगशाळेत तपासायचे, अशी ती पद्धत. निष्कर्ष निघाला सुमारे ४० लाख टनांचा, म्हणजे परक्या अंदाजाच्या जवळजवळ नवव्या हिश्श्याचा! आपल्याकडील बरेचसे भात पावसावर वाढते, खाचरे सर्वकाळ भरलेली नसतात आणि जमिनीत सेंद्रिय कर्बही कमी असतो, हे त्यामागचे कारण. देश तोच, शेते तीच, पीकही तेच. फरक पडला तो वही कोणी लिहिली याचा.

आता आपला ताळेबंद पाहू. भारताने ३० डिसेंबर २०२४ रोजी संयुक्त राष्ट्रांकडे सादर केलेल्या अहवालात २०२० या वर्षाचा हिशेब आहे. त्यानुसार एकूण उत्सर्जन २९५.९ कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतके होते. त्यांपैकी ७५.६६ टक्के ऊर्जेतून, १३.७२ टक्के शेती-पशुपालनातून, ८.०६ टक्के औद्योगिक प्रक्रियांतून आणि २.५६ टक्के कचरा व सांडपाण्यातून आले. जमेच्या बाजूस वने आणि इतर भूमी यांनी सुमारे ५२.२ कोटी टन शोषून घेतले. ते वजा जाता निव्वळ उत्सर्जन २४३.७ कोटी टन उरते. आदल्या वर्षापेक्षा हे ७.९३ टक्क्यांनी कमी आहे. मात्र ते वर्ष टाळेबंदीचे होते, हे विसरून चालणार नाही. एका वर्षाची विक्री घटली म्हणून खर्चाची शिस्त आली, असे कोणी म्हणत नाही.

या वहीतही काही रकमा कोणाच्याच खात्यात पडत नाहीत. आंतरराष्ट्रीय जलवाहतूक आणि विमानवाहतुकीचे इंधन राष्ट्राच्या बेरजेत धरत नाहीत, ते वेगळे दाखवितात. तसेच माल जिथे तयार होतो त्या देशाच्या नावे धूर पडतो, जिथे तो वापरला जातो त्याच्या नावे नाही.

मग लेखापरीक्षणाचे काय? वही प्रत्येक राष्ट्र स्वतःच लिहिते. पारदर्शकता, अचूकता, सातत्य, तुलनायोग्यता आणि परिपूर्णता ही पाच तत्त्वे तीस लागू आहेत. पद्धत बदलली तर मागील वर्षांचे आकडेही नव्या पद्धतीने पुन्हा मांडावे लागतात. पॅरिस करारानंतर विकसित आणि विकसनशील अशा सर्वांना द्वैवार्षिक पारदर्शकता अहवाल देणे आले, आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांकडून त्याची छाननीही होते. दंडाची तरतूद मात्र नाही.

तथापि एक साक्षीदार असा आहे की जो कागद पाहत नाही. कॅश क्रेडिटचे कर्ज देणारी बँक व्यापाऱ्याचे माल-विवरण घेते, पण अधिकारी गोदामात जाऊन पोतीही मोजतो. तसेच शास्त्रज्ञ आता हवाच तपासतात. सीएफसी-११ या ओझोननाशक आणि उष्णताधारक वायूचे उत्पादन २०१० पासून जगात बंद असल्याची नोंद होती. तरी त्याचे हवेतील प्रमाण अपेक्षेप्रमाणे उतरत नाही, हे २०१८ साली उघड झाले. पुढील वर्षी दक्षिण कोरिया आणि जपानमधील केंद्रांच्या मोजणीवरून वाढीव उत्सर्जनाचा मोठा भाग पूर्व चीनमधील असल्याचे दाखविण्यात आले. त्यानंतर हे उत्सर्जन झपाट्याने घटले. कागदावर शून्य होते, हवेत नव्हते.

हा विषय केवळ सरकारांचा राहिलेला नाही. युरोपीय संघाने पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते इत्यादी आयात मालावर कार्बन सीमा समायोजन यंत्रणा लागू केली आहे. ऑक्टोबर २०२३ पासून माहिती मागविली जात होती, १ जानेवारी २०२६ पासून आयातदारावर प्रत्यक्ष आर्थिक भारही आला. पोलादी नट-बोल्टही तीत येतात. उत्पादकाने स्वतःच्या उत्सर्जनाचे पडताळलेले आकडे दिले नाहीत, तर तयार गुणांक लावले जातात आणि ते सहसा वाढवूनच ठरविलेले असतात. भातशेतीच्या बाबतीत १९९० साली जे देशावर आले, तेच आता कारखानदाराच्या दारात आले आहे. आपल्या देशातही बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना सेबीच्या नियमानुसार पर्यावरणविषयक माहिती द्यावी लागते. त्यामुळे त्यांना माल पुरविणाऱ्या लहान पेढ्यांकडेही असे प्रश्न येऊ लागतील.

यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. विजेची देयके, डिझेल व कोळशाच्या पावत्या, गॅसची सिलिंडरे, वाहतुकीचे किलोमीटर हे सारे आपल्या फायलीत आधीपासून आहेच. रुपयांच्या स्तंभाशेजारी युनिट, लिटर आणि टन यांचा एक स्तंभ आखावा, महिन्याच्या महिन्याला तो भरावा. आज ना उद्या कोणीतरी हा आकडा विचारील. तेव्हा आपल्यापाशी आपला लिहिलेला आकडा असेल, तर बोलणी त्यावर होतील. नसेल, तर समोरच्याने आणलेल्या आकड्यावर होतील.