चंद्र नेमका कुठून उगवतो?

मंडळी, चंद्र कोणत्या दिशेला उगवतो? चौथीतले पोर चटकन सांगेल, पूर्वेला. गुरुजीही मान डोलावतील. पण याच पोराने दत्तजयंतीच्या संध्याकाळी, पाळणा झाल्यावर, देवळाच्या पायरीवर उभे राहून चंद्र वर येताना पाहिला आणि पुढे वटपौर्णिमेला त्याच पायरीवरून पुन्हा पाहिला, तर ते गोंधळून जाईल. दत्तजयंतीचा चंद्र डावीकडे, ईशान्येच्या बाजूला वर येतो. वटपौर्णिमेचा उजवीकडे, आग्नेयेच्या बाजूला. पोराने वहीत तसे लिहिले तर, गुरुजी, कृपा करून त्यावर लाल शाईची फुली मारू नका. पोराचे बरोबर आहे. पुस्तकातले वाक्य ठोकळ आहे, इतकेच.

सूर्याची ये-जा शेतकरी बंधूंना मी काय सांगावी! उन्हाळ्यात तो बांधावरच्या बाभळीमागून येतो आणि थंडीत पार विहिरीकडून, हे तुम्ही लहानपणापासून पाहता. २१ जूनच्या सुमारास तो उत्तरेच्या टोकाला आणि २२ डिसेंबरच्या सुमारास दक्षिणेच्या टोकाला उगवतो. (संक्रांतीला आपण तिळगूळ वाटतो, पण तोवर स्वारी वळून तीन आठवडे झालेले असतात.) हात सरळ लांब करून मूठ धरा. ती सुमारे दहा अंश क्षितिज झाकते. आपल्याकडे, म्हणजे मुंबई, नांदेड या पट्ट्यात, सूर्य ठीक पूर्वेच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मुठी सरकतो.

आता खरी गंमत पाहा. हाच प्रवास करायला सूर्याला वर्ष लागते आणि चंद्राला फक्त २७ दिवस व काही तास. सूर्याला मृग नक्षत्र वर्षातून एकदा लागते, ७ किंवा ८ जूनला, आणि मागोमाग २१-२२ जूनला आर्द्रा. सूर्य उत्तरेच्या टोकाला असतो तो याच वेळी. चंद्राला मात्र मृग आणि आर्द्रा दर २७ दिवसांनी लागतात. तेव्हा भिंतीवरचे पंचांग काढा आणि चंद्रनक्षत्राचा रकाना पाहा. मृग-आर्द्रा लिहिले असेल त्या दिवशी चंद्र उत्तरेच्या टोकाला उगवणार आणि मावळणारही वायव्येकडे. मूळ लिहिले असेल त्या दिवशी दक्षिणेच्या टोकाला. मधल्या उत्तरा आणि उत्तराभाद्रपदा नक्षत्रांवर तो पूर्वेच्या जवळपास.

मग हे रोजच्या नजरेत का येत नाही? कारण चंद्र मृगात येतो ती तिथी दर महिन्याला वेगळी. जूनमध्ये त्या वेळी अमावास्या असते, म्हणजे चंद्र दिसतच नाही. सप्टेंबरात तो वद्य अष्टमीच्या आसपास, मध्यरात्री उगवतो. जागे कोण राहणार? मार्गशीर्षात मात्र पौर्णिमेला, दिवेलागणीला, सगळ्या गावासमोर. मावळतीचे म्हणाल तर गौरी आठवा. गौरींचे विसर्जन मूळ नक्षत्रावर होते. त्या रात्री ढगांनी वाट दिली तर मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र नैर्ऋत्येच्या टोकाला बुडताना दिसेल.

चंद्राची ही चाल झोपाळ्यासारखी आहे. टोकाला तो जरा रेंगाळतो, दोन-तीन दिवस जवळजवळ एकाच जागी उगवतो. मधल्या भागात मात्र एका दिवसात अर्ध्या मुठीहून जास्त उडी घेतो.

इथवर नीट पाहणाऱ्याला पुढे एक अडचण येते. तो सूर्याच्या टोकाला खूण करतो, आणि एखाद्या वर्षी चंद्र ती खूण ओलांडून तीन बोटे पलीकडे उगवतो. माणूस म्हणतो, माझेच चुकले. त्याचे चुकलेले नसते. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. दोन्ही वाटा जिथे एकमेकींना छेदतात, त्या दोन बिंदूंनाच राहू आणि केतू म्हणतात. हे बिंदू उलट्या दिशेने सरकतात; एका राशीला सुमारे दीड वर्ष, सगळ्या बारा राशींना १८.६ वर्षे. राहू मीन राशीत असतो तेव्हा हे पाच अंश चंद्राच्या झेपेत मिळतात आणि तो पूर्वेपासून तीन मुठी दूर जातो. राहू कन्येत असतो तेव्हा तेच पाच अंश वजा होतात आणि चंद्र दोन मुठींच्याही आतूनच परततो. पत्रिकेतल्या राहूला लोक भितात. क्षितिजावरचा राहू हा असा मोजता येतो.

२००६ मध्ये झेप मोठी होती, २०१५ मध्ये लहान, २०२४-२५ मध्ये पुन्हा मोठी. आता ती २०३४ मध्ये सर्वांत लहान होईल आणि २०४३ च्या सुमारास पुन्हा मोठी. याचा एक पडताळा अंगणातही घेता येतो. २०२४ च्या दत्तजयंतीला मध्यरात्री चंद्र डोक्याच्याही उत्तरेला गेला होता, म्हणजे उभ्या काठीची सावली दक्षिणेला पडत होती. २०३४ च्या दत्तजयंतीला आपल्या या पट्ट्यात तो जवळजवळ डोक्यावरून जाईल आणि काठीची सावली बुडाशीच गोळा होईल.

शाळेला यासाठी खर्च काही नाही. एक लांब कागद घ्या. शाळेच्या पायरीवरून पूर्वेला दिसणारे डोंगर, झाडे, देवळाचा कळस, पाण्याची टाकी, सगळे क्रमाने त्यावर काढा. चंद्राची पहिली कड जिथे दिसेल तिथे टिंब, त्याखाली तारीख, तिथी, नक्षत्र आणि वेळ. चंद्र रोज सरासरी पाऊण तासाहून थोडा जास्त उशिरा उगवतो, हे ध्यानात ठेवून मुलांना बोलवा. वद्य पक्षातल्या उशिराच्या रात्री मोठ्यांवर सोपवा. पावसाळ्यात ढग काही करू देणार नाहीत, म्हणून सुरुवात कोजागिरीपासून करावी. डोंगर उंच असेल तर चंद्र त्यामागे चढता चढता थोडा दक्षिणेकडे सरकून बाहेर पडतो, त्याची काळजी नको. दरवेळी जागा तीच ठेवली की झाले.

एक गोष्ट मात्र विसरू नका. हा कागद एका गुरुजींच्या हातून पुरा होणार नाही. बदल्या होतात, मुले शाळा सोडतात, पायरी पाडून नवी इमारत उठते. म्हणून कागदाच्या वरच्या कोपऱ्यात पहिल्याच दिवशी लिहून ठेवा, आपण नेमके कुठे उभे होतो: कोणती पायरी, विहिरीपासून किती पावले, वडापासून किती.