नवजात अर्भकातील रक्ताभिसरण आणि जन्मजात हृदयदोष

परळ येथे १९२६ मध्ये नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह आणि १९२९ मध्ये बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय सुरू झाले. मूलतः गिरणी कामगारांच्या कुटुंबांसाठी स्थापन झालेल्या या संस्था शेजारी शेजारी आहेत. जवळच असलेल्या के.ई.एम. रुग्णालयात १९६८ मध्ये डॉ. प्र. कु. सेन यांनी भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. प्रसूतिकक्ष व हृदयचिकित्सा यांतील अंतर येथे काही पावलांचे आहे. तथापि सदोष हृदयाचे अर्भक अनेकदा आधी घरी जाते आणि मग अत्यवस्थ होऊन परत येते. असे का घडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

गर्भावस्थेत प्राणवायू वारेतून मिळतो. फुप्फुसे कार्यरत नसल्याने फुप्फुस धमनीतील बहुतांश रक्त ‘डक्टस आर्टेरिओसस’ या जोडवाहिनीतून थेट महाधमनीत जाते. जन्मानंतर श्वसन सुरू होताच फुप्फुसांतील रोध घटतो आणि ही वाहिनी साधारणतः दोन-तीन दिवसांत आकुंचन पावून बंद होते. निरोगी बालकास तिची गरज उरत नाही. मात्र फुप्फुस धमनीचा मार्गच बंद असेल, तर फुप्फुसांना रक्त पुरविण्याचे काम हीच वाहिनी उलट दिशेने करीत असते. महाधमनी अरुंद असल्यास शरीराच्या खालच्या भागाचा पुरवठा तिच्यावर अवलंबून असतो. म्हणजे वाहिनी उघडी आहे तोवर बाळ सुदृढ भासते, आणि ती मिटू लागते नेमकी बाळंतीण घरी निघते त्या सुमारास! अशा वेळी प्रोस्टाग्लँडिन ई-१ हे औषध शिरेतून देऊन वाहिनी उघडी ठेवतात व शस्त्रक्रियेपर्यंतचा अवधी मिळवतात.

दोन जवनिकांमधील पडद्यास छिद्र असल्यास चित्र वेगळे असते. फुप्फुसांतील रोध काही आठवड्यांत उतरत जातो, तसतसे डावीकडील अधिकाधिक रक्त उजवीकडे व पुन्हा फुप्फुसांत जाते. मूल दूध पिताना थकते, कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही. घरी यास ‘नजर लागली’ किंवा ‘दूध पुरत नाही’ असे म्हटले जाते आणि मोलाचे दिवस जातात.

जन्मजात हृदयदोष दर हजार जन्मांमागे सुमारे आठ ते नऊ बालकांत आढळतात. सावळ्या वर्णात निळसरपणा सहज दिसत नाही. जीभ व हिरड्या पाहाव्या लागतात. म्हणून जन्मानंतर चोवीस तासांनी पल्स ऑक्सिमीटरने उजव्या हाताचे व एका पायाचे मापन करणे इष्ट ठरते. उजव्या हाताला जोडवाहिनीच्या अलीकडचे रक्त मिळते, तर पायाला पलीकडचे. दोन्ही ठिकाणी ९५ टक्के वा अधिक प्राणवायू-संपृक्तता आणि ३ टक्क्यांपर्यंतचा फरक समाधानकारक मानतात. ९० टक्क्यांहून कमी आढळल्यास तातडीने तपासणी करावी लागते. मापनास काही मिनिटे पुरतात, सुई टोचावी लागत नाही. महाधमनीचा अरुंदपणा मात्र या चाचणीतून निसटू शकतो. त्यासाठी जांघेतील नाडी बोटांनीच चाचपावी लागते.