शेगड्याची पकड

बंदुकीची दुरुस्ती करणाऱ्या कारागिराच्या मेजावर कानशी, हातोडे, पंच अशी नाना हत्यारे मांडलेली असली, तरी त्या साऱ्यांवर अंमल चालतो तो कारखान्यातले लोक ज्याला सरसकट ‘व्हाइस’ म्हणतात त्या शेगड्याचा. खरेदीच्या वेळी नुसत्या वजनावर भाळू नये. बिडाची जात विचारावी. साध्या करड्या बिडातील ग्राफाइट पापुद्र्यांच्या रूपाने पसरलेले असते व ताण पडताच त्या पापुद्र्यांच्या टोकांपासून भेग धावते. परंतु 1943 साली अमेरिकेत कीथ मिलिस यांनी वितळलेल्या बिडात मॅग्नेशियमचा अल्प अंश मिसळला, तेव्हा तेच ग्राफाइट गोळ्यांचे रूप घेऊन बसले आणि मुळात ठिसूळ असलेले बीड तन्य झाले. अशा बिडाचा शेगडा घाव निमूट सोसतो.

सरकता जबडा अर्धा उघडून हाताने हलवून पाहावा. तो डुलला, तर दुकानदाराची हमी बासनात बांधून ठेवावी. पोलादी जबड्यांचे दाते नळीच्या निळसर झिलईवर कायमचा शिक्का उमटवतात, म्हणून त्यांवर तांब्याचे वा चामड्याचे अस्तर हवेच. छऱ्याच्या बंदुकीची नळी तर तोंडाशी जेमतेम मिलिमीटरभर जाडीची. ती रिकामी असल्याची खातरजमा करून, नळीच्या गोलाईबरहुकूम कोरलेल्या लाकडी ठोकळ्यांतच हलकेच धरावी.